चुआ अँड सन्सचं पहिलं पान

'चुआ अँड सन्स, चार्टर्ड अकाउंटंट्स' या पाटीची कुणी तपासणी केली असती, तर तीतला 'चुआ' तेवढा टिकला असता. थोरला मुलगा एंग सून परीक्षेला इतक्या वेळा बसला की शेवटी अभ्यासक्रमच बदलला. धाकटा बून तेक पर्थमध्ये लोकांचे दात काढत होता. ताळेबंदावर सही करायचा परवाना दोघांकडेच होता, एक वडील केंग हुआत, ज्यांनी कित्येक वर्षांत पेन उघडलं नव्हतं, आणि दुसरी त्यांची मुलगी बी ल्यान. पाटी रंगवली तेव्हा बी ल्यान रांगत होती आणि बून तेक जन्माला यायचा होता. तरी 'सन्स' अनेकवचनी लिहून घेतले होते. न झालेल्या मुलाला पाटीवर जागा मिळाली, झालेल्या मुलीला मिळाली नाही. तैपिंग गावात याचं नवल कुणालाच वाटलं नाही, बी ल्यानलासुद्धा नाही. निदान पन्नाशी ओलांडेपर्यंत तरी नाही.

आता वाटू लागलं होतं, कारण जवळच्या इपोह शहरातल्या मोठ्या फर्मच्या पुष्पाराणी मॅडमनी तिला सरळ विचारलं होतं, "भागीदार म्हणून ये. दारावर नाव लावते. पुढच्या नाही, त्यापुढच्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत सांग." बी ल्याननं घरात कुणाला हे सांगितलं नव्हतं. मनाशी मात्र एक चाचणी ठरवून टाकली होती. घरची वेबसाइट होतेच आहे. त्या वेबसाइटवर, लोकांना सापडेल अशा जागी, आपलं नाव आलं तर राहायचं. नाही आलं तर इपोह.

त्यासाठीच शनिवारी ऑफिसच्या वरच्या खोलीत गोल टेबलाभोवती सगळे जमले होते. मधल्या फिरत्या काचेवर पोपिया, तळलेला मासा आणि बदकाचं सूप होतं, आणि भिंतीवरच्या टीव्हीला एंग सूनच्या मुलीचा, जिया एनचा लॅपटॉप जोडलेला होता. तेवीस वर्षांची जिया एन क्वालालंपूरहून डिझाइन शिकून आली होती. तिला प्रश्न विचारायची सवय होती आणि उत्तरं लिहून घ्यायची त्याहून वाईट सवय होती. या घराला दोन्ही गोष्टी नवीन होत्या.

"मी आपल्या क्लायंट्सच्या शेजारी बसून पाहिलं," ती म्हणाली. "फिशबॉलवाले आह हॉक, टायरवाले लोह, बिस्किटवाल्या मॅडम युन. दुसऱ्या फर्म्सच्या वेबसाइट उघडून दिल्या आणि म्हटलं, आता काय कराल? सगळे आधी फोन नंबर शोधतात. मग ज्याच्याशी बोलायचं त्याचा चेहरा. मग शेवटची तारीख कुठली आणि कागद काय काय आणायचे. ते मिळालं नाही की बंद करतात. बाकी कुणी काही वाचत नाही."

तिनं कळ दाबली. टीव्हीवर पांढरं स्वच्छ पान आलं. वर फोन नंबर. त्याखाली ऑफिसच्या टेबलाशी मान वर करून बघणाऱ्या बी ल्यानचा फोटो, आणि त्याशेजारी 'तुमचे हिशेब या बघतात' एवढंच. खाली तारखा, आणायच्या कागदांची यादी, आणि आणखी मजकूर आहे हे सांगणारा, खाली वळलेला एक छोटा बाण.

बी ल्यानच्या हातातला चमचा सुपातच राहिला. हा फोटो कधी काढला ते तिला माहीत नव्हतं. फोटोतली बाई दमलेली दिसत होती, पण तिला काम येत असावं असंही दिसत होतं.



"रिकामं दिसतंय," एंग सून म्हणाला.

"रिकामं नाही डॅडी, मोकळं आहे."

"तेच ते. आणि इमारती कुठे आहेत? मोठ्या फर्मच्या वेबसाइटवर काचेच्या उंच इमारती असतात. समोर कोटवाले गोरे लोक हस्तांदोलन करतात."

"आपल्या शेजारी छत्रीचं दुकान आहे, डॅडी. आणि आपल्याकडे गोरं कुणी येत नाही."

"म्हणूनच तर टाकायचे!" एंग सूननं मोबाइल काढला. "हे बघ, दातोंबरोबर, एवढ्या मोठ्या किताबवाल्या माणसाबरोबर, गोल्फ खेळताना माझा फोटो. यातून विश्वास दिसतो."

"यातून ढुंगण दिसतंय, अ-सून," केंग हुआत म्हणाले. "तुझं. दातो पलीकडे आहेत."

जिया एनची आई ग्योक हुन इतका वेळ बाणाकडे बघत होती. घरातलं प्रत्येक फर्निचर तिच्या फेंगशुईच्या गुरूंना, म्हणजे सिफूंना, विचारून हललेलं होतं. बी ल्यानचं टेबल तर तीनदा. शेवटी ते संडासाच्या दाराशी स्थिरावलं होतं. तिथून, सिफूंच्या मते, फर्मची भरभराट अडत नव्हती.

"तो बाण काढ," ती म्हणाली.

"मॉमी, तो नसला तर खाली काही आहे हे लोकांना कळणार नाही."

"अकाउंटंटच्या पानावर खाली जाणारा बाण? धंदा खाली जातो. सिफूंना विचारायचीही गरज नाही. आणि लाल कर सगळं. पांढरं काय ते?"

"लाल?" केंग हुआत यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "हिशेबनिसाच्या पानावर लाल? लोक म्हणतील फर्म तोट्यात आहे."

"पा, लाल शुभ असतो."

"लग्नात. ताळेबंदात नाही."

सासरे आणि सून यांची ही लढाई मासा संपेपर्यंत चालली. शेवटी तह झाला तो निळ्यावर. पांढऱ्यावर निळी अक्षरं. निळ्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं, म्हणजे निळा कुणालाच आवडला नव्हता, आणि या घरात एकमत होतं ते असंच.

तेवढ्यात मोबाइलच्या पडद्यावर बून तेक उगवला. मागे दात दाखवणारं मोठं पोस्टर होतं.

"चे, कशी आहेस?" त्यानं बहिणीला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेला. "मी बघितलं. यात गोष्टच नाहीये! इथे ऑस्ट्रेलियात प्रत्येक संस्थेची गोष्ट असते. सुरुवात पांपासून व्हायला हवी. संस्थापक. मजकूर मी लिहितो."

"तू दात बघ," एंग सून म्हणाला.

"हिया, तू थोरला भाऊ असलास तरी मी पण 'सन्स'मध्ये आहे. माझं पद काय लिहिणार?"

यावर जरा चर्चा झाली. दंतवैद्याला अकाउंटंट म्हणता येत नव्हतं, कायद्यानं गुन्हा होता. 'आंतरराष्ट्रीय संचालक' म्हणायला कायद्याची हरकत नव्हती. एंग सून 'व्यवस्थापकीय संचालक' झाला. बी ल्यानचं पद काय, हे विचारायला जिया एननं तोंड उघडलं, तेव्हा केंग हुआत उठून उभे राहिले होते.

"बून तेक बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "सुरुवात संस्थापकापासून. फोटो आहे माझ्याकडे. चांगला."

ते मागच्या लोखंडी कपाटाकडे गेले आणि पातळ कागदात गुंडाळलेली तसबीर घेऊन आले. कृष्णधवल. गडद कोट, बारीक टाय, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारे डोळे. स्टुडिओतल्या दिव्यांनी सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या.

"वा!" एंग सून म्हणाला. "काय रुबाब आहे, पा! कधी काढला?"

"काढला होता," केंग हुआत म्हणाले.

बी ल्यानला माहीत होतं कधी काढला होता. आई गेल्यानंतर त्यांना स्टुडिओत तीच घेऊन गेली होती. घरातल्या देव्हाऱ्यापाशी आईची तसबीर आहे, तिच्या शेजारी बसेल अशा नेमक्या मापाची, त्याच रुंदीच्या चौकटीची. वय झालेली माणसं हा फोटो वेळेत काढून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी पोरांना ओळखपत्रावरचा फोटो मोठा करावा लागत नाही. तो लावायचा दिवस ठरलेला असतो. फक्त तारीख माहीत नसते.

तिनं वडिलांकडे पाहिलं. ते तसबिरीवरची धूळ बाहीनं पुसत होते आणि खूश होते. आयुष्यातला आपला सर्वांत चांगला फोटो अशा कामासाठी राखून ठेवलेला की तो आपल्याला बघायलाच मिळणार नाही, हे त्यांना बहुधा बरेच दिवस सलत असावं.

"पा," ती म्हणाली, "हा फोटो..."

"अ-ल्यान, तू हिशेब बघ ना," एंग सून म्हणाला. "हे मार्केटिंग आहे. तुला यातलं काय कळतं?"

बी ल्याननं सुपात राहिलेला चमचा उचलला आणि तोंडात घातला.

मग बाकीचं भराभर ठरलं. संस्थापकांचा फोटो मधोमध, राखाडी चौकटीत. वय लिहायचं की नाही? लिहायचं, वयानं वजन येतं. पण एकोणऐंशी हा आकडा ग्योक हुनला अडखळणारा वाटला. तिनं तिथूनच सिफूंना फोन लावला, आणि ब्याऐंशी लिहा असं उत्तर आलं. फोटोखाली कुटुंब. केंग हुआत यांनी स्वतः सांगितलं आणि जिया एननं टाइप केलं, थोरला मुलगा, थोरली सून, धाकटा मुलगा, धाकटी सून, नात.

"आणि कोह?" जिया एननं विचारलं. कोह म्हणजे आत्या.

"हो, हो," केंग हुआत म्हणाले. "शेवटी लिही. मुलगी, बी ल्यान."

"तिचा फोटो? फोन नंबर?"

"ऑफिसचा नंबर आहे ना. तो घाल तळाला. वर बरा दिसत नाही, दुकानासारखा वाटतो."

जेवण झाल्यावर जिया एननं तिला जिन्यात गाठलं. "कोह, तू काहीच का बोलली नाहीस? ते पान तुझं होतं."

"चांगलं होतं," बी ल्यान म्हणाली. "ऑडिटरनं विचारल्याशिवाय मत द्यायचं नसतं."

"पण मी विचारतेय!"

"तू नेमणूक करणारी नाहीस."

पुढच्या शुक्रवारी पान तयार झालं. जिया एन लॅपटॉप घेऊन संडासाजवळच्या टेबलापाशी आली. बून तेकचा मजकूर बसवला होता: 'प्रामाणिकपणे जगलेलं एक आयुष्य, ज्याचा प्रकाश आम्हाला यापुढेही वाट दाखवत राहील.' मजकुराखाली चौकट होती, 'सोमवारी कार्यालय बंद राहील.' सोमवारी वेसाकची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची, सुट्टी होती.

"कोह, हे कशासारखं तरी दिसतंय," जिया एन डोकं खाजवत म्हणाली. "कशासारखं, ते आठवत नाहीये."

तिला आठवणार नव्हतं. तिच्या पिढीनं वर्तमानपत्राचं ते पान कधी उघडलेलंच नव्हतं. बी ल्यान रोज सकाळी पहिल्यांदा निधनवार्तांचं तेच पान उघडायची, कारण क्लायंट गेला की त्याची फाइल बदलते. तिनं शांतपणे पाहिलं. राखाडी चौकटीतला कृष्णधवल फोटो. पांढऱ्यावर निळी अक्षरं, शोकाची. मुलगे, सुना, नात, मुलगी, नेमक्या त्याच क्रमानं. गेलेल्या माणसाच्या वयात आकाश, पृथ्वी आणि मनुष्य यांच्या नावानं एकेक वर्ष घालतात, आणि एकोणऐंशीत तीन मिळवले की ब्याऐंशी. सिफूंनी हे मुद्दाम केलं असेल असं तिला वाटलं नाही. त्यांनी आयुष्यात मुद्दाम काहीच केलं नसावं. एकेक वस्तू निरुपद्रवी होती, आणि प्रत्येक वस्तू कुणीतरी प्रेमानं आणून टाकली होती. एकत्र केल्यावर जे तयार झालं होतं, ते तैपिंगमधल्या कुठल्याही मोठ्या माणसाला दुरूनही ओळखू आलं असतं. या घरातली मोठी माणसं मात्र फक्त आपापला तुकडा बघत होती.

"सगळ्यांनी पाहिलं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांनी अंगठा पाठवला. अकाँगनी दोन पाठवले." अकाँग म्हणजे आजोबा.

बी ल्याननं चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "मग माझी काही हरकत नाही."

मंगळवारी सकाळी ऑफिसच्या गल्लीत वळताना तिला पहिल्यांदा दिसली ती छत्रीवाल्याच्या दारावर चिकटवलेली लाल कागदाची पट्टी. शेजारी मृत्यू झाला की आपल्या दारावर अशी पट्टी लावतात, तिकडचं अशुभ इकडे येऊ नये म्हणून. छत्रीवाल्यानं तिला पाहून मान खाली घातली.

मग तिला पुष्पचक्रं दिसली. तीन पायांच्या बांबूच्या घोड्यांवर चढवलेली ती जिन्यापासून ड्रेनेजच्या कडेपर्यंत उभी होती. शेवंती, निशिगंध आणि मध्ये जांभळी ऑर्किड. शोकात असलेल्या घरी फोन करून 'खरं का हो?' असं विचारणं तैपिंगमध्ये असभ्य समजतात. फुलं पाठवतात. घरचा पत्ता पानावर नव्हता, त्यामुळे सगळी ऑफिसवर आली होती. वेबसाइट लोकांपर्यंत पोचत नाही असं आता कुणाला म्हणता आलं नसतं.

आतमध्ये एंग सून तीन क्लायंट्सच्या समोर उभा होता. तोही नुकताच आला होता.

"तुम्ही दातवाले का?" टायरवाला लोह त्याला विचारत होता.

"मी थोरला! व्यवस्थापकीय संचालक!"

"अस्सं. थोरलेही आहेत." लोहनं त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्याला वळसा घालून तो बी ल्यानकडे आला. "मिस चुआ! फार वाईट झालं."

"मिस्टर लोह, ऐका, पा..."

"काही बोलू नका. दुःख मनात साठवायचं नाही, पण लगेच बोलायचंही नाही." फिशबॉलवाल्या आह हॉकनं तिचे दोन्ही हात धरले. त्याच्या हातांना नेहमीसारखा माशाचा वास होता. "बॉस चांगले होते. पण खरं सांगू का, मिस चुआ? मला वाटलं होतं ते मागेच गेले. इतकी वर्षं फोन तुम्हीच उचलता."

"अहो, पण..."

आणि तेव्हा तिला दिसल्या त्या चपला. मागच्या खोलीला लाकडी अर्धं दार होतं. केंग हुआत रोज मागच्या गल्लीतून कोपी, म्हणजे पिशवीतली कॉफी, घेऊन तिकडूनच आत यायचे. दाराच्या खाली त्यांच्या तपकिरी चपला होत्या आणि चपलांमध्ये पाय होते. पाय हलत नव्हते. बाहेर येऊन 'मी जिवंत आहे' म्हणायला त्यांना दोन पावलं पुरली असती. त्यांनी ती टाकली नव्हती.

म्हाताऱ्याला ऐकायचं होतं.

मग बी ल्याननंही तोंड मिटलं. ही सवय तिला पुष्कळ होती.

"आता काय, मिस चुआ?" बिस्किटवाल्या मॅडम युननी विचारलं. त्या उभ्या राहून दमल्या होत्या, म्हणून एंग सूनच्या खुर्चीत बसल्या. "वेबसाइटवर तुमचं नाव शोधायला मला दुसरा चष्मा लावावा लागला. सगळ्यात शेवटी, 'मुलगी'. मी म्हटलं, अकाउंटंट कुठे आहे? इथे तर सगळे मुलगेच आहेत. मला वाटलं, तुम्ही फर्म सोडलीत."

"अजून नाही सोडली," बी ल्यान म्हणाली.

आपण हे चपलांना ऐकू जाईल असं म्हणालो, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

"अजून?" मॅडम युन पुढे वाकल्या. "म्हणजे जाणार? कुठे? इपोहला ना? सगळे इपोहलाच जातात. जा, जा, पण माझे कागद सोबत घेऊन जा. इथे कुणाला विचारू मी? त्या गोल्फवाल्याला?"

"माझेही," लोह म्हणाला.

"मी फिशबॉलही तिकडेच पाठवीन," आह हॉक म्हणाला. त्याच्या दृष्टीनं यापेक्षा मोठी शपथ नव्हती.

अर्ध्या दाराची बिजागरी किरकिरली. केंग हुआत बाहेर आले. एका बोटाला दोरीनं बांधलेली कोपीची पिशवी लोंबत होती. आह हॉक जो ओरडला, तो मागे सरून दाराबाहेरच्या, लोहच्याच पुष्पचक्रावर पडला आणि बांबूचा घोडा त्याच्यासकट आडवा झाला.

"बसा, बसा," केंग हुआत म्हणाले. "फुलं ताजी आहेत. कुठून घेतली?"

त्यानंतरचा अर्धा तास पळापळीत गेला. ग्योक हुन धावत आली, अशुभ धुऊन काढणारं पपनसाच्या पानांचं पाणी बादलीत करून तिनं सासऱ्यांवर, फायलींवर, छपाई यंत्रावर आणि शेवटी नवऱ्यावरही शिंपडलं. क्लायंट माफी मागत, कोपी पीत आणि अधूनमधून केंग हुआत यांच्या हाताला हळूच स्पर्श करून बघत राहिले. ते गेल्यावर एंग सूनला वाचा फुटली.

"जिया एन! काय केलंस हे? आजोबांना मारून टाकलंस!"

"मी?" जिया एनचे डोळे भरून आले होते, पण आवाज भरला नव्हता. "फोटो अकाँगनी दिला. निळा तुम्ही सगळ्यांनी ठरवला. वय सिफूंनी वाढवलं, मजकूर काकांनी लिहिला. माझं पान वेगळं होतं, डॅडी. या पानात माझा फक्त बाण उरला होता. तो तुम्ही काढलात."

"तो राहिला असता तर आणखीच वाईट झालं असतं," ग्योक हुन म्हणाली आणि बादली घेऊन जिन्याकडे गेली.

केंग हुआत बाहेर फुलांपाशी उभे होते. हात मागे बांधून ते एकेक फीत वाचत होते. बी ल्यान त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. 'मिस चुआ आणि कुटुंबीय यांच्या दुःखात सहभागी.' 'मिस चुआ यांना.' 'मिस चुआ बी ल्यान यांच्या वडिलांस आदरांजली.' लोहच्या फितीवर माती लागली होती, तरी वाचता येत होतं. शेवटच्या घोड्यापर्यंत ते गेले आणि परत आले. एकाही फितीवर 'सन्स' नव्हते.

"तुला माहीत होतं," वळून न बघता ते म्हणाले. "तो फोटो कशासाठीचा, ते तुला माहीत होतं."

"हो."

"आणि पान तयार झाल्यावर?"

"पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही, पा."

"विचारलं असतं तर?"

"तर फोटोपासून सुरुवात केली नसती. पाटीपासून केली असती."

दोघांनीही वर पाहिलं. पाटीवरचं सोनेरी अक्षर अजून चमकत होतं. केंग हुआत दर नववर्षाला ते पुसून घेत. पाटीखाली आज पहिल्यांदाच इतकी फुलं होती.

"इपोहला कोण?" त्यांनी विचारलं.

"पुष्पाराणी. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय."

त्यांनी पिशवीतली कोपी नळीनं ओढली. ती कधीच थंड झाली होती. मग आत जाऊन ते जिया एनच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"ते पान काढ. मला बघू दे."

जिया एननं पान उघडलं. केंग हुआत यांनी पडद्याच्या जवळ तोंड नेलं आणि बोटानं खाली, खाली, अगदी तळापर्यंत जात राहिले.

"अ-ल्यानला वर घे."

"किती वर, अकाँग?"

"माझा फोटो कुठे आहे?"

"सगळ्यात वर."

"तिथे."

"आणि तुमचा?"

"मी मेलोय ना? मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावतात. कॉम्प्युटरवर नाही." त्यांनी तसबीर पुन्हा पातळ कागदात गुंडाळली, पण गुंडाळण्यापूर्वी एकदा बघून घेतली. "तुझं ते पहिलं पान आहे का अजून? रिकामं?"

"मोकळं," जिया एन म्हणाली. तिची बोटं आधीच धावायला लागली होती.

"पा!" एंग सून मध्ये आला. "आणि मी? माझं नाव कुठे?"

"तू आता सगळ्या क्लायंट्सना फोन कर. म्हणावं, बाप जिवंत आहे, फुलांबद्दल आभार."

"करतो." एंग सूननं मोबाइल काढला आणि तो थांबला. मग त्यानं मान वर केली. "अ-ल्यान... नंबर काय आहेत यांचे?"

बी ल्याननं ऐकलं नाही, किंवा ऐकलं नसल्यासारखं केलं. ती दारातून पाटीकडे बघत होती.

"पा, पान एका मिनिटात बदलतं," ती म्हणाली. "मला ती बदलायचीय."

केंग हुआत यांनीही दारातून वर पाहिलं. जुनी पाटी, पहिलं अक्षर स्वतःच्या हातानं गिरवून दिलेली. जिन्यावरून परतलेली ग्योक हुन बादली खाली ठेवून म्हणाली, पाटी हलवायची तर सिफूंना मुहूर्त विचारावा लागेल.

"सिफूंनी माझं वय तीन वर्षांनी वाढवलं," केंग हुआत म्हणाले. "त्यांना आता काही विचारू नका." मग कुणाकडेही न बघता, "छत्रीवाल्याकडे शिडी असेल. पण त्याला आधी तो लाल कागद काढायला सांगा."

बी ल्यानचा फोन वाजला. इपोह. तिनं तो उचलला आणि ती फुलांमध्ये जाऊन उभी राहिली. पलीकडून पुष्पाराणी मॅडम हळू आवाजात बोलत होत्या. त्यांनीही पान पाहिलं होतं, त्यांचंही एक पुष्पचक्र वाटेत होतं. अशा वेळी कामाचं बोलू नये, पण आता बांधून ठेवणारं कुणी उरलं नाही तेव्हा...

"नाही, पा ठीक आहेत," बी ल्यान म्हणाली. "हो, फुलं येऊ द्या, जागा आहे." आत जिया एन लॅपटॉपवरचं पांढरं पान बघत होती, आणि त्या पानावरची दमलेली बाई मान वर करून तिच्याकडे. "आणि मी येत नाहीये, मॅडम. इथेच एक जागा नुकतीच रिकामी झाली."